पडदा ओढल्यावर किती थांबायचं

अक्का, काल आपलं पहिलं प्रशिक्षण झालं. तुमच्या जागी मी बसले होते.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. भेटायला आलेली माणसं आपापल्या गावी परतली. सुधीरनं तुमच्या साड्या कपाटातून बाहेर काढल्या, थोडा वेळ पलंगावर ठेवल्या आणि परत कपाटातच लावल्या. मी कॉलेजात जायला लागले. लोक विचारतात कशी आहेस, मी बरी आहे म्हणते. ते खोटं नाही. झोप लागते, भूक लागते, वर्गात शिकवताना शब्द अडत नाहीत. फक्त सगळं जरा लांबून ऐकू येतं, सर्दीनं कानाला दडे बसावेत तसं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही सुधीरची मोठी बहीण, दवाखान्यात सिस्टर, लवकर एकट्या पडलेल्या आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, एवढीच माहिती मला दिली होती. पुण्यात वाढलेली मी. पहिल्याच दिवशी तुम्ही दारातून ओरडलात, "वैशाली, मी जरा मंडईत जाऊन येतो गं," आणि कोण पुरुष माणूस आला म्हणून मी पदर सावरत बाहेर आले. तुम्ही इतक्या हसलात की पिशवी खाली ठेवून पायरीवर बसलात. मग मला कळलं, कोल्हापुरात बायकाही 'येतो' आणि 'जातो'च म्हणतात. माझं 'येते' तुम्हाला शेवटपर्यंत नाटकी वाटत राहिलं.

तुमच्या कामाबद्दल मात्र मी कितीतरी वर्षं काही विचारलं नव्हतं. मूत्ररोग विभागातली ती छोटी खोली मी पहिल्यांदा पाहिली ती मशीन बिघडलं म्हणून. तू इलेक्ट्रॉनिक्स शिकवतेस, जरा बघून जा, असं तुम्ही म्हणालात. वायरच निघाली होती. पण मी तिथं उभी राहिले आणि तुमची तपासणी पाहिली. लघवीच्या पिशवीत एक बारीक नळी, दुसरी मागच्या बाजूनं. मग सलाईन हळूहळू आत सोडायचं आणि पिशवी भरत जाते तसा आतला दाब किती वाढतो ते स्क्रीनवर पाहायचं. मध्येच पेशंटला खोकायला सांगायचं. स्क्रीनवर दोन्ही नळ्यांच्या रेषा सारख्याच उसळल्या तर नळ्या नीट बसल्या आहेत. आता लागल्यासारखी वाटते काय, आता जोरात लागली काय, असं विचारत जायचं. आणि शेवटी तिथंच, नळ्यांसकट, मोकळं व्हायला सांगायचं.

त्यानंतर काही दिवसांनी गगनबावड्याकडून एक म्हातारी आली होती. पहिली एसटी धरून आलेली. शिकाऊ डॉक्टरला नळी जमेना. घातली, निघाली, पुन्हा घातली. म्हातारी फक्त तुमचं मनगट धरून राहिली. जाताना तुमचीच समजूत काढून गेली, "पोरांस्नी शिकायचं असतंय की बाई." त्या संध्याकाळी, आपलं जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आपण तिघं ताटावर बसलो होतो, आणि तुम्ही घास हातात धरून मला विचारलंत,

"वैशाली, तुझ्या कॉलेजात पिशवी करता येईल काय गं?"

"कसली पिशवी?"

"मुताची."

सुधीरचा आमटीचा चमचा तसाच राहिला. "अक्का, जेवतोय की आम्ही."

"मग जेव की. तुला कोण धरलंय?" तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात. "माणसासारखी भरायला पाहिजे, माणसासारखी खोकायला पाहिजे. पोरं आधी तिच्यावर शिकतील. चुकू देत की लागंल तेवढी. तिला काय दुखतंय?"

तिथून सुरुवात झाली. आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिली पिशवी म्हणजे वाढदिवसाचा फुगा होता, तो फुटून पाणी सुधीरच्या वर्तमानपत्रावर गेलं. मग सिलिकॉन ओतून साच्यात काढलेल्या पिशव्या. तुम्ही प्रत्येकीत पाणी भरायचात, अंगठ्यानं दाबायचात आणि बाजूला ठेवायचात. "ही न्हाय. ही रबराची हाय." मी चिडायचे. रबराचीच आहे म्हटल्यावर रबराची लागणारच. पण तुमचं म्हणणं खरं होतं. खरी पिशवी भरत जाते आणि दाब जवळपास तेवढाच राहतो, ती पसरून जागा करून देते. आमची पिशवी मात्र पहिल्या पेल्यालाच ताठ व्हायची. शेवटी मी ठरवलं, पिशवीनं फक्त पाणी धरायचं, दाब वेगळ्या पिस्टननं तयार करायचा आणि पिस्टनला कसं वागायचं ते संगणकानं सांगायचं. सरांनी, म्हणजे तुमच्या विभागप्रमुखांनी, जुन्या तपासण्यांचे आलेख नावं काढून दिले. त्यावरून मी पिस्टनला शिकवलं.

खोकला मात्र तुम्ही शिकवलात. एकदा स्कूटरवर मागं बसून, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला, तुम्ही माझ्या कानाशी खोकायला लागलात. "असा न्हाय, असा. आधी छाती भरायची, मग एकदम. बाळंतीण अशी खोकत न्हाय, ती भीत भीत खोकतीया. आता दमेकरी ऐक." शेजारच्या रिक्षावाल्यानं पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या मावशी, सावकाश प्या." तुम्ही घेतलीत, दोन घोट प्यायलात आणि त्याला म्हणालात, "बरं वाटलं बघ, पावणं." घरी येईपर्यंत मला स्कूटर सरळ धरता येईना.

एकदा तुम्ही हरलात, तेही लिहून ठेवते, कारण तुम्ही ते स्वतःच साऱ्या विभागात सांगत फिरलात. पिस्टनचा दाब जास्त झालाय, माझ्या हाताला कळतंय, असं तुम्ही ठासून म्हणालात. मी दवाखान्यातलंच दाब मोजायचं यंत्र लावून दाखवलं, दाब बरोबर होता. तुम्ही चष्मा वर करून आकडा पाहिलात. "हरलो," म्हणालात आणि मला खव्याचा पेढा आणून दिलात. तुमच्याशी भांडण्यात एक सोय होती, ते संपायचं.

एकच संपलं नाही.

कंबर ते गुडघ्यापर्यंतचं प्लास्टिकचं धड तयार झालं, आत पिशवी बसली, रेषा माणसासारख्या हलायला लागल्या. सर खूश होते. तुम्ही सगळी तपासणी स्वतः करून पाहिलीत. नळ्या, दाबाचा आकडा शून्यावर आणणं, सलाईन, खोकला. शेवटी 'मोकळं व्हा' म्हणालात, मी बटण दाबलं आणि धार भांड्यात पडली. तुम्ही मान हलवलीत.

"लगेच कशी झाली हिला?"

"म्हणजे?"

"अगं, चार माणसं बघालीत. कुठल्या बाईला होणार हाय? नळ्या घातल्यात, मांड्या उघड्या, अन् समोर डॉक्टर हाताची घडी घालून उभारलाय. धार येत न्हाय. मग पोरं लिहितात, पिशवीत जोर न्हाय. पिशवीत जोर असतोय गं, बाई लाजलेली असतीया."

मी म्हणाले, "अक्का, मी दाब देऊ शकते, पाणी देऊ शकते. मशीनला लाज कुठून आणू?"

"ते तुझं तू बघ. पण लाजंल अशी कर."

मी खूप दिवस वाद घातला. डॉक्टरनं पेशंटला नीट सांगितलं का, पडदा ओढला का, हे मशीनला कळणार कसं? तुम्ही सोपा उपाय काढलात: एक झडप बसवायची आणि तिचं बटण शिकवणाऱ्याच्या हातात द्यायचं. शिकणारा नीट वागला तर सोडायची, नाहीतर नाही. मला ते पटेना. मग ते यंत्र कसलं, ती तर कळसूत्री बाहुली झाली. मोजता येत नाही ते मी त्यात घालणार नाही, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "ताट वाढ, दिवस मावळाय लागला. जेवून भांडू." जेवल्यावर तुम्ही वर गेलात. पोटात दुखतंय म्हणालात. त्या आठवड्यात डोळे पिवळे दिसायला लागले.

पुढचं फार भरभर झालं. साधी कावीळ नव्हती, मूळ स्वादुपिंडात होतं आणि पसरलं होतं. तुमच्या दवाखान्यात त्यावरचे उपचार नव्हते म्हणून दुसरीकडे न्यावं लागलं. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथं कुणी वाईट वागलं नाही. वॉर्ड भरलेला होता. तुम्हाला उठवत नव्हतं म्हणून नळी घालायची ठरली. आलेली नर्स अगदी पोरगेली होती, तिच्याकडे खूप पेशंट होते. पडद्याचा दांडा होता, पडदा धुवायला गेला होता. समोरच्या कॉटवरच्या बाईंचे नातेवाईक डबा खात बसले होते. तिनं तुमचं पांघरूण वर केलं.

मी उठले, ओढणी काढली आणि दोन्ही हात ताणून तुमच्या कॉटशेजारी उभी राहिले. पाठ तुमच्याकडे केली. मागून तुमचा आवाज आला, अगदी बारीक झालेला.

"पोरी, नाव काय तुझं?"

"प्राजक्ता."

"प्राजक्ता, आधी सांगायचं, मग हात लावायचा. आता सांग."

"आजी, नळी घालायचीय. थोडं गार लागेल."

"हां. आता घाल. भिऊ नको, मी सांगतो तुला कुठं ते."

माझे हात दुखायला लागले होते. समोरच्या माणसांनी डबा घेऊन तोंड पलीकडे फिरवलं. तुम्ही तिला सांगत होतात, तिचं 'हो आजी, हो आजी' ऐकू येत होतं. झाल्यावर ती म्हणाली, "झालं, आजी." तुम्ही म्हणालात, "चांगली घातलीस." मी ओढणी खाली घेतली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं आता म्हणाल, बघितलंस? तुम्ही पाणी मागितलंत.

घरी येताना मला ऋताच्या जन्माची आठवण झाली. इतकी वर्षं ती कधीच आली नव्हती. बाळंतपणानंतर मला लघवी होईना. पोट दगडासारखं झालेलं, आई पंख्यानं वारा घालतेय, सुधीर दारात, एक डॉक्टर येतोय, एक जातोय, सगळे म्हणताहेत प्रयत्न कर. तुम्ही ड्यूटीवरून तशाच आलात. सगळ्यांना बाहेर काढलंत, माझ्या आईलासुद्धा. नळ थोडा सोडलात, माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसलात आणि हातकणंगल्याच्या चुलत्यांची म्हैस बाजारातून एकटीच घरी कशी चालत आली ते सांगायला लागलात. मला काही विचारलं नाहीत. म्हैस रेल्वे फाटकाशी आली तेव्हा मला झाली. तुम्ही मागं न बघता म्हणालात, "बास. होऊ दे सगळी."

अक्का, आपण लाजेवरून इतके दिवस भांडलो. माझ्या त्या दिवसाचा दाखला तुम्ही एकदाही दिला नाहीत. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. तुम्ही ते केलं नाहीत, आणि मला वाटतं, ते कुणाचं असं बाहेर काढायचं नसतं म्हणूनच केलं नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी झडप बसवली. लहानशी, शेतीच्या ठिबक सिंचनवाल्याकडे मिळते तशी. तिचं बटण लांब वायरला जोडलं, म्हणजे शिकवणाऱ्याला मागं बसून हातात धरता येईल. चाचणी घेतली, चालली. संध्याकाळी तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. सुधीर म्हणाला, राहू दे, खूप वेळानं लागलीय. मी बसून राहिले आणि निघून आले. त्यानंतर तुम्ही धड जाग्या झालाच नाहीत. कानाशी वाकून सांगावं असं मनात आलं, पण आजूबाजूला माणसं होती, आणि झडप बसवली हे त्या वेळी सांगायचं वाक्य वाटेना.

तुम्ही गेलात तेव्हाही मला रडू आलं नाही. सुधीर रडला, ऋता फोनवर रडली, तुमचे सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी माणसांना पाणी दिलं, गाळून.

प्रशिक्षण पुढे ढकलूया असं सर म्हणाले होते. मीच नको म्हटलं. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांतून माणसं यायची ठरली होती, त्यांच्या ड्यूट्या लागलेल्या होत्या. तुमच्या त्याच खोलीत काल धड कॉटवर ठेवलं. सरांनी शिकवलं. मी कॉटच्या उशाशी, मागं स्टुलावर, बटण मांडीवर ठेवून. एका नर्सच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तिची रेषा सुस्तावली, ते तिनं स्वतः शोधून काढलं. एकाची मागची नळी निसटली, खोकल्याला एकच रेषा उसळली, त्यालाही कळलं. ते सगळं चांगलं झालं, तुम्हाला आवडलं असतं.

मग एक उंच तरुण डॉक्टर पुढे आला, कोडोलीचा. हुशार होता. शून्य बरोबर, नळ्या बरोबर, सलाईनचा वेग बरोबर. पिशवी भरली. "आता लघवी करा," तो म्हणाला आणि हाताची घडी घालून स्क्रीनकडे बघत उभा राहिला. बाकीचेही भोवती उभे.

काही झालं नाही.

त्यानं नळी तपासली, भांडं पाहिलं, पुन्हा म्हणाला, "करा." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, मशीन अडकलं वाटतं."

"चालू आहे," मी म्हणाले. "पेशंटला विचारा."

एकदोघं हसले. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तेवढ्यात गगनबावड्याहून आलेल्या सिस्टर, चाळिशी उलटलेल्या असतील, म्हणाल्या, "डॉक्टर, आपण सगळी इथं उभारलोय. तुम्हाला तरी झाली असती काय?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं चादर नीट केली. सगळ्यांना मागं सरकायला लावलं आणि कॉटभोवतीचा पडदा ओढला. पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला, मघापेक्षा वेगळा. "मावशी, आम्ही बाहेर थांबलोय. कुणी आत येणार न्हाय. सावकाश होऊ द्या."

माझं स्टूल पडद्याच्या आत राहिलं होतं. आत मी आणि ते धड, आणि माझ्या हातात बटण. बाहेर सगळे थांबलेले.

किती थांबायचं, अक्का? हे आपलं बोलणंच झालं नव्हतं. मी झडप घालायची की नाही एवढ्यावरच भांडत राहिले. पडदा ओढल्यावर बाईला किती वेळ लागतो, म्हातारीला किती, पोरीला किती, हे तुम्हाला झोपेतही सांगता आलं असतं. मला माहीत नव्हतं. ते बटण तुमच्याच हातात असणार असं मी धरून चालले होते. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. चादरीवर एक सुरकुती होती तिच्याकडे पाहत बसले. मला दुःख झालं नाही, भरून आलं नाही, तुम्ही जवळ आहात असंही काही वाटलं नाही. खरं तेच सांगते. हात जड होता एवढंच. मग कधीतरी मी बटण दाबलं आणि भांड्यात आवाज सुरू झाला.

बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "आली."

ते चुकलं की बरोबर, लवकर झालं की उशिरा, मला सांगणारं कुणी नव्हतं. आता मीच त्या सिस्टरना विचारीन. त्यांचा नंबर घेतलाय. त्या पुढच्या खेपेला शिकवायला यायला तयार आहेत.

दुपारी सर म्हणाले, या मॉडेलला कुसुमअक्कांचं नाव देऊया. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, "नको सर. त्यांच्या नावानं रोज नळ्या घालणार काय तुम्ही?"

मग सर हसले, चष्मा काढून डोळे पुसत हसले. "बरोबर आहे. मला झापलं असतं त्यांनी." तेव्हा नाव दिलेलं नाही, अक्का. काळजी नसावी.

सगळे जेवायला निघाले. मी वायरी गुंडाळत कोपऱ्यात बसले होते. तो कोडोलीचा डॉक्टर मोबाइल विसरला म्हणून परत आला. खोलीत कुणी आहे हे त्याला दिसलं नाही. मोबाइल उचलला, दारापर्यंत गेला आणि थांबला. कॉटकडे परत आला. चादर तपासणीच्या वेळी वर गेली होती ती तशीच होती. त्यानं ती दोन्ही हातांनी खाली ओढली, गुडघे झाकले, कडा सारखी केली, आणि जेवायला गेला.